लिलिया शोबुखोवा प्रकरण

लिलिया शोबुखोवा प्रकरण हे दीर्घ पल्ल्याच्या धावण्याच्या क्षेत्रातील उत्तेजक द्रव्य सेवनाचे आणि त्यावर पांघरूण घालण्यासाठी उकळलेल्या पैशांचे प्रकरण आहे. रशियाच्या मॅरेथॉन धावपटू लिलिया शोबुखोवा यांच्या रक्तचाचण्यांत संशयास्पद बदल आढळूनही त्यांना इ.स. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावू देण्यात आले आणि त्यासाठी त्यांच्याकडून साडेचार लाख युरो घेण्यात आले, असे डिसेंबर २०१४ मध्ये उघड झाले. पुढील चौकशीत रशियन ॲथलेटिक्स महासंघाचे पदाधिकारी तसेच आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष लामिन दियाक दोषी ठरले. याच काळात हजारो खेळाडूंच्या रक्तचाचण्यांची गोपनीय माहिती फुटली आणि दोष सिद्ध न झालेल्या खेळाडूंवरही जाहीर संशय घेतला गेला. त्यामुळे खेळातील फसवणूक उघड करणे आणि निर्दोष व्यक्तीची प्रतिष्ठा जपणे या दोन्ही बाबींच्या दृष्टीने हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

शोबुखोवा यांची कारकीर्द

लिलिया शोबुखोवा यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९७७ रोजी रशियातील बाष्कोर्तोस्तान प्रजासत्ताकातील बेलोरेत्स्क येथे झाला. आरंभी त्या ३,००० व ५,००० मीटर शर्यतींत धावत असत. फेब्रुवारी २००६ मध्ये मॉस्को येथे त्यांनी बंदिस्त मैदानातील ३,००० मीटर शर्यतीत ८ मिनिटे २७.८६ सेकंद असा विश्वविक्रम नोंदवला. इ.स. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर शर्यतीत त्या सहाव्या आल्या.

इ.स. २००९ मध्ये लंडन येथे त्या प्रथमच मॅरेथॉन धावल्या आणि तिसऱ्या आल्या. त्यानंतर त्यांनी शिकागो मॅरेथॉन २००९, २०१० व २०११ अशी सलग तीन वर्षे जिंकली, तर २०१० मध्ये लंडन मॅरेथॉनचेही विजेतेपद मिळवले. ९ ऑक्टोबर २०११ रोजी शिकागो येथे त्यांनी २ तास १८ मिनिटे २० सेकंद ही वेळ नोंदवली. त्या वेळी ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ वगळता कोणतीही स्त्री मॅरेथॉन याहून वेगाने धावली नव्हती. जगातील प्रमुख मॅरेथॉन शर्यतींच्या एकत्रित मालिकेचे पाच लाख डॉलरचे पारितोषिकही त्यांनी लागोपाठ दोनदा पटकावले.

रक्त आणि सहनशक्ती

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत स्नायूंना सतत प्राणवायूचा पुरवठा लागतो. हा प्राणवायू रक्तातील तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिन वाहून नेते. तांबड्या पेशींची संख्या वाढली की धावपटू अधिक काळ अधिक वेगाने धावू शकतो. समुद्रसपाटीपासून उंचावरील विरळ हवेत सराव केल्यास शरीर आपोआप अधिक तांबड्या पेशी निर्माण करते. म्हणून केनिया व इथिओपियातील पठारांवर जगभरचे धावपटू सरावासाठी जातात.

हाच परिणाम कृत्रिम मार्गाने साधता येतो. एक मार्ग म्हणजे रक्त काढून साठवून ते शर्यतीपूर्वी पुन्हा शरीरात चढवणे. दुसरा मार्ग एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, या संप्रेरकाचा. हे संप्रेरक मूत्रपिंडात नैसर्गिकरीत्या तयार होते व अस्थिमज्जेला तांबड्या पेशी निर्माण करण्याची सूचना देते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तक्षय झालेल्या रुग्णांसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे कृत्रिम रूप औषध म्हणून उपलब्ध झाले आणि थोड्याच काळात ते खेळाडूंपर्यंत पोहोचले. त्याच्या गैरवापराने रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा व हृदयविकाराचा धोका संभवतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ईपीओवर १९९० मध्येच बंदी घातली होती. परंतु ते ओळखण्याची चाचणी ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरली गेली ती २००० साली सिडनी येथे.

जैविक पारपत्र

ईपीओचा अंश मूत्रातून अल्पावधीतच नाहीसा होतो. त्यामुळे प्रत्यक्ष द्रव्य पकडण्याऐवजी त्याचा रक्तावर झालेला परिणाम शोधण्याची पद्धत विकसित झाली. तिला जैविक पारपत्र असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने ही पद्धत २००९ पासून अवलंबली.

या पद्धतीत एकाच खेळाडूच्या रक्ताची अनेक वर्षे वेळोवेळी तपासणी होते. हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी, यांचे प्रमाण हे त्यातील दोन मुख्य निकष होत. ईपीओ घेत असताना नव्या पेशींचे प्रमाण वाढते. ते थांबवल्यावर रक्तात तांबड्या पेशी पुरेशा असल्याने शरीर नव्या पेशींची निर्मिती मंदावते. म्हणून भरपूर हिमोग्लोबिन आणि अगदी कमी नव्या पेशी ही जोडी संशयाला कारण ठरते. खेळाडूची तुलना इतरांशी नव्हे, तर मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच पूर्वीच्या नोंदींशी केली जाते. संगणकाने विसंगती दाखवली तरी तेवढ्यावरून शिक्षा होत नाही. तीन तज्ज्ञ खेळाडूचे नाव न पाहता नोंदी तपासतात आणि त्यांचे एकमत झाल्यावर खेळाडूकडून खुलासा मागवला जातो.

साडेचार लाख युरोंची देवघेव

शोबुखोवा यांच्या पारपत्रातील नोंदी २०११ मध्ये संशयास्पद असल्याचे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ध्यानी आले होते. नियमानुसार त्यांच्यावर त्वरित कारवाई सुरू व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. रशियन महासंघातील दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचे प्रमुख प्रशिक्षक अलेक्सेई मेल्निकोव यांनी, तुमचे नाव संशयितांच्या यादीत असून ऑलिंपिकमध्ये धावायचे असेल तर पैसे द्यावे लागतील, असे शोबुखोवा यांना कळवले. त्यांनी एकूण ४,५०,००० युरो हप्त्यांनी दिले. त्या लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये उतरल्या, मात्र शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत.

पैसे देऊनही बंदी टळली नाही. एप्रिल २०१४ मध्ये रशियन महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी जाहीर केली आणि ९ ऑक्टोबर २००९ नंतरचे त्यांचे सर्व निकाल रद्द ठरवले. तत्पूर्वी शोबुखोवा यांनी दिलेली रक्कम परत मागितली होती. त्यांपैकी ३,००,००० युरो सिंगापूर येथील ‘ब्लॅक टायडिंग्ज’ नावाच्या कंपनीच्या खात्यातून परत आले. हा परतावाच पुढे या व्यवहाराचा सर्वांत ठळक कागदोपत्री पुरावा ठरला.

शोबुखोवा या व्यवहारात एकाच वेळी दोषी आणि पीडित अशा दुहेरी भूमिकेत होत्या. त्यांनी उत्तेजकविरोधी नियमांचा भंग केला होता. पण ज्या संस्थांनी नियम पाळून घ्यायचे, त्यांच्याच पदाधिकाऱ्यांनी त्या नियमभंगाचे भांडवल करून त्यांच्याकडून खंडणी उकळली होती.

प्रकरण उघडकीस येणे

शोबुखोवा यांचे व्यवहार पाहणारे प्रतिनिधी आंद्रेई बारानोव यांनी २०१४ च्या पूर्वार्धात ही माहिती आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आचारसंहिता आयोगाकडे नेली. आयोगाने चौकशी सुरू केली. ती गोपनीय होती.

३ डिसेंबर २०१४ रोजी जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीने पत्रकार हाजो झेपेल्ट यांचा माहितीपट प्रसारित केला. रशियन ॲथलेटिक्समधील उत्तेजक सेवन हे काही खेळाडूंपुरते मर्यादित नसून ती एक संघटित व्यवस्था आहे, असे त्यात दाखवण्यात आले. रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचे माजी कर्मचारी विताली स्तेपानोव आणि त्यांच्या पत्नी, ८०० मीटर शर्यतीतील धावपटू युलिया स्तेपानोवा, हे या माहितीपटातील मुख्य साक्षीदार होते. युलिया यांनी प्रशिक्षकांशी झालेली संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित केली होती. या साक्षीनंतर दोघांना आपल्या लहान मुलासह रशिया सोडावा लागला. शोबुखोवा यांनी दिलेल्या पैशांचा आणि सिंगापूरहून आलेल्या परताव्याचा तपशीलही याच माहितीपटातून जगासमोर आला.

चौकशी आणि शिक्षा

आचारसंहिता आयोग

आचारसंहिता आयोगाने ७ जानेवारी २०१६ रोजी निर्णय दिला. रशियन महासंघाचे माजी अध्यक्ष व आंतरराष्ट्रीय महासंघाचे माजी खजिनदार व्हॅलेंतिन बालाख्निचेव, प्रशिक्षक अलेक्सेई मेल्निकोव आणि लामिन दियाक यांचे पुत्र व महासंघाचे विपणन सल्लागार पापा मसाता दियाक या तिघांवर ॲथलेटिक्समध्ये आजन्म बंदी घालण्यात आली. महासंघाच्या उत्तेजकविरोधी विभागाचे माजी प्रमुख गॅब्रिएल दोले यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. क्रीडा लवाद न्यायालयाने २०१७ मध्ये आजन्म बंदीचा निर्णय कायम ठेवला.

स्वतंत्र आयोग

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, कॅनडाचे रिचर्ड पाउंड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला. रिचर्ड मॅक्लारेन व गुंटर युंगर हे त्याचे अन्य सदस्य होते. ९ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात, मॉस्को येथील प्रयोगशाळेत १,४०० हून अधिक नमुने हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आल्याचे नमूद होते. त्यानंतर चारच दिवसांनी आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियन महासंघाला निलंबित केले. हे निलंबन मार्च २०२३ पर्यंत टिकले. १४ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात आयोगाने आंतरराष्ट्रीय महासंघातील भ्रष्टाचारावर बोट ठेवले. हा भ्रष्टाचार एखाद-दुसऱ्या व्यक्तीपुरता नव्हता, तर संस्थेच्या रचनेतच रुजलेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

पॅरिस येथील खटला

लामिन दियाक हे मूळचे सेनेगलचे. १९९९ ते २०१५ या काळात ते आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष होते. फ्रान्समध्ये त्यांच्यावर खटला चालला आणि १६ सप्टेंबर २०२० रोजी पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरवले. त्यांना चार वर्षांचा कारावास, त्यांपैकी दोन वर्षे स्थगित, आणि पाच लाख युरो दंड अशी शिक्षा झाली. पापा मसाता दियाक हे न्यायालयात उपस्थित राहिले नाहीत. त्यांना पाच वर्षांचा कारावास व दहा लाख युरो दंड सुनावण्यात आला. शोबुखोवा यांच्याप्रमाणेच अन्य रशियन खेळाडूंची प्रकरणेही पैसे घेऊन लांबवण्यात आली होती. या योजनेला ‘संपूर्ण संरक्षण’ असे सांकेतिक नाव होते. लामिन दियाक यांनी निकालाविरुद्ध अपील केले. ३ डिसेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

शोबुखोवा यांची शिक्षा

दोन वर्षांची बंदी अपुरी असल्याचे सांगून आंतरराष्ट्रीय महासंघाने अपील केले. क्रीडा लवाद न्यायालयाने २०१५ मध्ये बंदी तीन वर्षे दोन महिने इतकी वाढवली. परंतु शोबुखोवा यांनी वाडाला चौकशीत भरीव सहकार्य केल्यामुळे तीत सात महिन्यांची सूट मिळाली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी संपुष्टात आली.

निकालांतील फेरबदल

शोबुखोवा यांचे निकाल ९ ऑक्टोबर २००९ पासून रद्द झाल्याने, अवघ्या दोन दिवसांनी जिंकलेली २००९ ची शिकागो मॅरेथॉनही त्यांच्या हातून गेली. विजेतेपदे पुढीलप्रमाणे अन्य धावपटूंकडे गेली:

• शिकागो २००९: इरिना मिकिटेंको, जर्मनी
• लंडन २०१०: असेलेफेच मेर्गिया, इथिओपिया
• शिकागो २०१०: अत्सेदे बायसा, इथिओपिया
• शिकागो २०११: एजेगायेहू दिबाबा, इथिओपिया

लंडनच्या शर्यतीची कथा विशेष बोलकी आहे. तेथे दुसऱ्या आलेल्या इंगा अबितोवा यांचा निकालही पारपत्रातील दोषामुळे रद्द झाला; त्यामुळे प्रत्यक्षात तिसऱ्या आलेल्या मेर्गिया कित्येक वर्षांनी विजेत्या ठरल्या. मॅरेथॉन मालिकेची दोन पारितोषिके अनुक्रमे मिकिटेंको आणि केनियाच्या एडना किप्लागात यांच्याकडे गेली.

रद्द झालेल्या निकालांची रक्कम वसूल करणे मात्र कठीण ठरले. लंडन मॅरेथॉनच्या आयोजकांनी न्यायालयात दाद मागून २०१६ मध्ये शोबुखोवा यांच्याविरुद्ध ३,७७,९६१ पौंडांच्या वसुलीचा आदेश मिळवला. रोख पारितोषिक निदान कागदोपत्री तरी परत मिळवता येते. शर्यत संपल्यावर अंतिम रेषेवर मिळणारा जनसमुदायाचा जयघोष, त्या वर्षीचे करार आणि पुढील शर्यतींची निमंत्रणे यांची भरपाई कोणत्याही आदेशाने होत नाही.

इ.स. २०१५ मधील जाहीर आरोप

फुटलेली माहिती

२ ऑगस्ट २०१५ रोजी एआरडी आणि लंडनचे ‘संडे टाइम्स’ यांनी, आंतरराष्ट्रीय महासंघाकडील २००१ ते २०१२ या काळातील १२,००० हून अधिक रक्तचाचण्यांची माहिती हाती आल्याचे जाहीर केले. या चाचण्या सुमारे ५,००० खेळाडूंच्या होत्या. रॉबिन पारिसोटो आणि मायकेल ॲशेंडन या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांनी त्यांची छाननी केली. या काळातील ऑलिंपिक व जागतिक स्पर्धांत सहनशक्तीच्या शर्यतींतील सुमारे एक तृतीयांश पदके संशयास्पद नोंदी असलेल्या खेळाडूंनी जिंकली, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. महासंघाने हा निष्कर्ष सनसनाटी व दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले. थोड्याच दिवसांत महासंघाचे अध्यक्ष झालेले सेबॅस्टियन को यांनी तर हे वृत्त म्हणजे आपल्या खेळाविरुद्धचे युद्धच होय, अशा आशयाची टीका केली.

पॉला रॅडक्लिफ

८ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रिटिश संसदेच्या क्रीडाविषयक समितीपुढे सुनावणी सुरू असताना समितीचे अध्यक्ष जेसी नॉर्मन यांनी, लंडन मॅरेथॉनच्या विजेत्यांवर, कदाचित ब्रिटिश खेळाडूंवरही, संशय असू शकतो अशा आशयाचे विधान केले. त्यांनी नाव घेतले नाही. परंतु फुटलेल्या माहितीच्या कालखंडात लंडन मॅरेथॉन जिंकणाऱ्या ब्रिटिश धावपटू एकट्या रॅडक्लिफच होत्या. २००२, २००३ व २००५ अशी तीनदा त्यांनी ती जिंकली होती. संसदेतील विधानावर अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. रॅडक्लिफ यांनी त्याच दिवशी निवेदन काढून आपण कधीही उत्तेजक घेतले नसल्याचे ठामपणे सांगितले. कोणत्याही खेळाडूला गोवण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा नॉर्मन यांनी केला.

या आरोपाला एक विलक्षण पूर्वपीठिका होती. इ.स. २००१ मध्ये एडमंटन येथील जागतिक स्पर्धेत रशियाच्या ओल्गा येगोरोवा ५,००० मीटर शर्यतीत धावत असताना प्रेक्षागृहात बसलेल्या रॅडक्लिफ यांनी, ईपीओ घेणाऱ्या लबाडांना हाकला, अशा अर्थाचा फलक उंचावला होता. येगोरोवा यांच्या नमुन्यात ईपीओ आढळले होते, परंतु मूत्रासोबत रक्ताचीही चाचणी न झाल्याने तो अहवाल ग्राह्य धरला गेला नाही. त्या धावल्या आणि जिंकल्या. मूत्राचे नमुने बदलल्याबद्दल त्यांच्यावर पुढे २००८ मध्ये कारवाई झाली. जाहीर आरोप करणारी व्यक्ती चौदा वर्षांनी स्वतःच जाहीर संशयाचा विषय ठरली.

रॅडक्लिफ यांच्या ज्या तीन नोंदींवर संशय घेतला गेला, त्यांबाबत आंतरराष्ट्रीय महासंघाने २७ नोव्हेंबर २०१५ रोजी सविस्तर निवेदन दिले.  शर्यतीनंतर लगेच रक्त घेतल्यास घामामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण फुगलेले दिसते. म्हणूनच पुढे व्यायामानंतर दोन तास थांबून रक्त घेण्याचा नियम झाला. उंचावरील सरावाचाही परिणाम विचारात घ्यावा लागतो. अपुऱ्या माहितीचा चुकीचा अर्थ लावून हे आरोप झाले, असा महासंघाचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेलाही कारवाईस आधार आढळला नाही.

नंतरच्या घडामोडी

राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महासंघांच्या हाती चौकशी ठेवण्यातील धोका शोबुखोवा प्रकरणाने दाखवून दिला. त्यामुळे एप्रिल २०१७ मध्ये ‘ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिट’ ही स्वायत्त यंत्रणा स्थापन झाली. खेळाडूंची चाचणी, तपास आणि आरोपपत्र ही कामे तिच्याकडे आली, आणि तात्पुरते निलंबनही ती स्वतःच जाहीर करू लागली. तिच्या कारवाईची कक्षा भारतातील शर्यतींपर्यंतही पोहोचते. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातील अर्धमॅरेथॉनच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात ऑक्सँड्रोलोन हे स्टिरॉइड आढळल्याने एका भारतीय धावपटूवर बंदी घालण्यात आली.

उत्तेजक सेवनाची प्रकरणे मात्र थांबली नाहीत. रिओ ऑलिंपिकमधील महिला मॅरेथॉन विजेत्या केनियाच्या जेमिमा सुमगाँग २०१७ मध्ये ईपीओप्रकरणी दोषी आढळल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागो येथे २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांचा विश्वविक्रम करणाऱ्या केनियाच्याच रूथ चेपनगेटिच यांच्या मार्च २०२५ मधील नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे बंदी असलेले औषध आढळले आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. नमुन्याच्या तारखेपूर्वीचा त्यांचा विक्रम मात्र रद्द झाला नाही.

महत्त्व

या प्रकरणाच्या दोन बाजू परस्परांना पूरक आहेत. संस्था स्वतःची चौकशी करण्यास असमर्थ ठरली, तेव्हा प्रतिनिधी, साक्षीदार व पत्रकार यांनी धोका पत्करल्यामुळेच सत्य बाहेर आले. बारानोव यांची तक्रार किंवा स्तेपानोव दांपत्याची साक्ष नसती, तर मेर्गिया आजही तिसऱ्या क्रमांकावरच राहिल्या असत्या की काय, हा प्रश्न उरतो. दुसरीकडे, संदर्भ सोडून वाचलेला रक्तातील आकडा हा पुरावा नसतो, हे रॅडक्लिफ यांच्या अनुभवाने स्पष्ट केले. शोबुखोवा यांच्याविरुद्धचा दोष तीन तज्ज्ञांची छाननी, खुलाशाची संधी आणि अपील या टप्प्यांतून सिद्ध झाला. रॅडक्लिफ यांच्यावरील संशयाला यांपैकी एकही टप्पा लाभला नव्हता.

घटनाक्रम

• ऑक्टोबर २००९ ते ऑक्टोबर २०११: शोबुखोवा यांचे शिकागो व लंडन येथील विजय
• २०१२: पैशांची देवघेव, लंडन ऑलिंपिकमध्ये सहभाग
• एप्रिल २०१४: दोन वर्षांची बंदी जाहीर
• ३ डिसेंबर २०१४: एआरडीचा माहितीपट
• २ ऑगस्ट २०१५: रक्तचाचण्यांची माहिती प्रसिद्ध
• ९ नोव्हेंबर २०१५: वाडाच्या स्वतंत्र आयोगाचा पहिला अहवाल
• ७ जानेवारी २०१६: आचारसंहिता आयोगाचा निर्णय
• एप्रिल २०१७: ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटची स्थापना
• १६ सप्टेंबर २०२०: लामिन दियाक यांना शिक्षा

हे सुद्धा पहा

• जागतिक उत्तेजकविरोधी संस्था
• एरिथ्रोपोएटिन
• पॉला रॅडक्लिफ
• लंडन मॅरेथॉन
• शिकागो मॅरेथॉन